सहा वर्षांवरच्या मुलांचं सायन्स किट: दुसरीतल्या लेकीच्या प्रेझेंटेशनसाठी मागवलं, त्याचा पूर्ण अनुभव (इंदूर)

माझी मुलगी दुसरीत आहे, सीबीएसईची शाळा, आणि फेब्रुवारीत २८ तारखेच्या सायन्स डेच्या आठवड्यात त्यांच्या वर्गात प्रत्येकानं एक सोपा प्रयोग करून दाखवायचा असतो, तीन मिनिटं, स्वतःच्या हातानं, आणि मग वर्गातली मुलं प्रश्न विचारणार. दुसरीला खरं तर सायन्स असा वेगळा विषयच नाही, ईव्हीएस (परिसर अभ्यास) तिसरीपासून येतं, पण त्यांच्या टीचरना हौस आहे आणि मला ती फार आवडते. डायरीत नोट आली तेव्हा हातात दहा दिवस होते, मी नोकरी करते, घरी यायला सात वाजतात, म्हणून रात्री बसून ऑनलाइन एक किट मागवलं, ११४९ रुपये, डब्यावर लिहिलेलं २५ प्रयोग आणि वय सहाच्या पुढे. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नंतर दोन मैत्रिणींकडची वेगळ्या कंपन्यांची किटं उघडून बघितली तर तीही थोड्याफार फरकानं अशीच, म्हणजे हा रिव्ह्यू एका डब्याचा नाही, या प्रकारच्या डब्यांचा समजा.

डिलिव्हरी चांगली झाली, सुदामा नगरला तिसऱ्या दिवशी आलं. डबा मोठा, आत सामान कमी. एक टिश्यूचं पाकीट यादीत होतं पण डब्यात नव्हतं, मेसेज केला तर चार दिवसांनी पाठवलं, वेगळे पैसे नाही, तेवढं मानलं पाहिजे.

आधी हे सांगते की मी किट कशासाठी वापरून बघितलं, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. सुट्टीच्या दिवशी घरी आई-बाबांबरोबर बसून टाइमपास करायचा असेल तर अर्धी गाऱ्हाणी आपोआप गळून पडतात. पण सात वर्षांच्या मुलीनं चाळीस मुलांसमोर एकटीनं उभं राहून करायचं म्हटलं की हिशेबच बदलतो. मागच्या बाकावरच्याला दिसलं पाहिजे, वर पंखा फिरत असतो, टेबल हलतं, हात थरथरतात, तीन मिनिटांत व्हायला पाहिजे, एकदा फसलं तर दुसऱ्यांदा करता आलं पाहिजे म्हणजे सामान जास्तीचं पाहिजे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणी हात वर करून 'असं का झालं' विचारलं तर तिला स्वतःच्या शब्दात काहीतरी सांगता यायला पाहिजे, पाठ केलेलं नाही. मी रोज रात्री जेवणानंतर तिच्याबरोबर एकेक प्रयोग करून बघितला, डायनिंग टेबल म्हणजे वर्ग, मी आणि तिचे आजोबा म्हणजे बाकीची मुलं.

पहिला अर्थातच ज्वालामुखी. प्लास्टिकचा डोंगर, त्याला रंग द्यायचा, आत खायचा सोडा आणि सिट्रिक ॲसिड (आपल्या इथे किराणावाले निंबू का फूल म्हणतात तेच), वरून लाल रंगाचं पाणी, की फसफस करून बाहेर येतं. येतं छान. पण पुड्या एवढ्याशा की दोन वेळांत संपल्या, आणि वीस सेकंदांत खेळ खलास. आजोबांनी विचारलं, "फेस कुठून आला गं?" तर ती म्हणाली, "लाव्हा आहे ना आजोबा." मग मी सांगितलं की सोडा आणि आंबट एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड नावाचा गॅस तयार होतो, त्याचे बुडबुडे, तर तिनं मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की डोंगरानं तिची गल्लत केलीय. खऱ्या ज्वालामुखीत खोल जमिनीतला वितळलेला खडक वर येतो, त्यात सोड्याचा काय संबंध, आणि दोन गोष्टी एकाच डोंगरात घातल्या की मुलाला एकही नीट कळत नाही. त्यापेक्षा तोच सोडा आणि सिट्रिक ॲसिड पाण्याच्या बाटलीत आणि बाटलीच्या तोंडावर फुगा, फुगा फुगतो, तर निदान दिसतं की काहीतरी हवेसारखं तयार झालं. हा प्रयोग किटच्या पुस्तकात १९व्या नंबरला अगदी कोपऱ्यात दिलाय, डोंगर मात्र डब्यावर मोठ्ठा. शिवाय शेजारच्या ताईनं, जी आता चौथीत आहे, सांगितलं की त्यांच्या वेळी वर्गात चार ज्वालामुखी होते, म्हणून आम्ही तो विषय तिथेच सोडला.

दुसऱ्या दिवशी 'चालणारं पाणी', म्हणजे तीन ग्लास, मधला रिकामा, टिश्यूच्या घड्यांमधून निळं आणि पिवळं पाणी चढत मधल्यात उतरतं आणि हिरवं होतं. सुरेख दिसतं, मला स्वतःला फार आवडलं, पण मधल्या ग्लासात दिसण्याएवढं पाणी यायला आमच्याकडे दोन तास लागले. पुस्तकात वेळेबद्दल एक अक्षर नाही. तीन मिनिटांच्या कार्यक्रमाला हे कसं चालणार, सकाळी लावून ठेवलं आणि शेवटच्या तासाला दाखवलं तरच, आणि तोवर चाळीस पोरांतून ते टेबल सुखरूप राहील याची गॅरंटी कोण देणार.

आता मेणबत्तीबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटलं. ताटलीत रंगीत पाणी, मधे मेणबत्ती, वरून ग्लास पालथा, मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. पुस्तकात लिहिलंय की मेणबत्तीनं ऑक्सिजन संपवला, त्याची जागा पाण्यानं घेतली. मी पण शाळेत हेच शिकले होते, आणि मी तिला तसंच सांगायला लागले, तर माझे सासरे, म्हणजे तिचे आजोबा (आम्ही बाबा म्हणतो) म्हणाले, "थांब, आधी बघ, मग सांग." त्यांनी तिला फक्त एवढंच सांगितलं की पाणी कधी चढतं ते नीट बघ. बघितलं तर मेणबत्ती जळत असताना पाणी जवळजवळ हललंच नाही, विझल्यावर भराभर चढलं. ऑक्सिजन जळता जळता संपत असता तर पाणी पण हळूहळू चढायला पाहिजे होतं ना. मग त्यांनी एकाऐवजी तीन छोट्या मेणबत्त्या लावल्या, ग्लास तोच, म्हणजे आत हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच, आणि पाणी आधीपेक्षा बरंच जास्त चढलं. म्हणजे पुस्तकातलं कारण टिकत नाही. ग्लासातली हवा मेणबत्तीनं तापते, फुगते, थोडी कडेनं बुडबुड करून बाहेर पण जाते, आणि ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते, मग बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ऑक्सिजन कमी होतो हे खरं आहे, पण सगळा संपत नाही, आणि पाणी चढतं ते मुख्यतः हवा गार झाल्यामुळे. छापलेल्या पुस्तकात, ११०० रुपयांच्या किटमध्ये, चुकीचं कारण, आणि मूल तेच वर्गात जाऊन सांगणार, आणि चाळीस मुलं ते घेऊन घरी जाणार. मला हे चालत नाही. विस्तवाचा प्रयोग म्हणून तो वर्गासाठी बादच होता, ती वेगळी गोष्ट.

बाबांना हे सगळं कसं माहीत, तर ते होशंगाबाद (आता नर्मदापुरम) जिल्ह्यात सरकारी मिडल स्कूलमध्ये मास्तर होते आणि त्यांनी होशंगाबाद विज्ञानमध्ये शिकवलंय. इंदूरच्या नव्या पिढीला याची माहितीच नाही, म्हणून थोडं सांगते. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी शाळांमध्ये सुरू झालेला कार्यक्रम होता, सहावी ते आठवीच्या मुलांनी सायन्स प्रयोग करूनच शिकायचं, १९७८ मध्ये पूर्ण जिल्ह्यात गेला, मग मध्य प्रदेशच्या इतर जिल्ह्यांतल्या कितीतरी शाळांमध्येही, १९८२ पासून एकलव्य संस्थेनं सांभाळला आणि २००२ मध्ये सरकारनं बंद केला. चार-चार मुलांची टोळी, प्रत्येक शाळेत किटची पेटी, आणि परीक्षेला पुस्तक-वही उघडी ठेवून बसायचं, वर प्रयोगाची परीक्षा वेगळी. बाबा सांगतात की ट्रेनिंगमध्ये मास्तरांनाच आधी टोळीत बसून प्रयोग करायला लावायचे, आणि उत्तर कोणी देत नसे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून त्रिकोण-चौकोन करायचं जे काढलं, तेही याच कार्यक्रमात काम करताना, ७८ च्या सुमारास. म्हणजे आपल्याच राज्यात, खेड्यातल्या मुलांच्या हातात जे होतं ते आज आपण डब्यात विकत घेतोय आणि तेही अर्धवट. बाबा असं म्हणत नाहीत, हे मी म्हणतेय.

परत किटकडे. सेफ्टीबद्दल लिहिलंच पाहिजे. एका साध्या प्लास्टिकच्या पुडीत निळे खडे होते, वर फक्त 'सी' लिहिलेलं, पुस्तकात शोधलं तर कॉपर सल्फेट, म्हणजे आपलं मोरचूद, क्रिस्टल बनवण्यासाठी. मोरचूद पोटात गेलं तर विषारी आहे, दिसायला खडीसाखरेसारखं, निळं, चमकणारं, आणि सहा वर्षांवरील म्हणून लिहिलेल्या डब्यात लेबल नसलेली पुडी. मी ती काढून कपाटात वर ठेवली, क्रिस्टल बघायचे तर मिठाचे किंवा तुरटीचे करता येतात, तुरटीचे तर फारच छान होतात. दुसरं म्हणजे दोन छोटी गोल मॅग्नेटं सुटी होती, मुगाच्या डाळीपेक्षा थोडी मोठी पण जबरदस्त ओढणारी. लहान भावंड असेल घरात तर अशी मॅग्नेटं आणि बटन सेल बिलकुल हाताशी ठेवू नका, दोन मॅग्नेटं गिळली गेली तर आतड्यात एकमेकांना ओढून धरतात आणि ऑपरेशनपर्यंत गोष्ट जाते. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क लागतो, तो डब्यावर आहे का ते बघूनच घ्या, मी घाईत बघितलं नव्हतं आणि नंतर डबा उलटासुलटा करून शोधला तर मला सापडला नाही.

चांगलं काय ते पण सांगते. भिंग फार छान आहे, काचेचं नाही पण स्वच्छ, मुलीनं त्यातून शेव, साखर, स्वतःचा अंगठा, आणि पोह्यांवरची कोथिंबीर असं सगळं बघून झालं. ड्रॉपर तीन, तिन्ही चांगले. टेस्ट ट्यूब प्लास्टिकच्या जाड, पडल्या तरी फुटत नाहीत, पण स्टँड हलका असल्यामुळे ट्यूब भरली की एका बाजूला कलतो, आम्ही खाली चिकटपट्टी लावली. फुग्याला केसांवर घासून कागदाचे तुकडे उचलायचा प्रयोग पहिल्या झटक्यात झाला, पण तो फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत, पावसाळ्यात दमट हवेत हाच प्रयोग धड होत नाही, जुलै-ऑगस्टमध्ये शाळेत करणार असाल तर लक्षात ठेवा. पुस्तक फक्त इंग्लिशमध्ये, अक्षर बारीक, आणि जवळजवळ प्रत्येक पानावर 'मोठ्यांना सांगा'. क्यूआर कोडचे व्हिडिओ हिंदीत आहेत, स्पष्ट आहेत, पण त्यात सगळं एका मोठ्या माणसाचे हात करतात, मूल कुठेच नाही. मुलीनं दोन व्हिडिओ बघून विचारलं, "आई, मी कधी करू?" मला त्या प्रश्नावरच सगळं कळलं.

सहा दिवस गेले होते आणि आमच्याकडे प्रयोग नव्हता. मग झालं असं की तिच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टवर डब्यातल्या बटाट्याच्या भाजीचा डाग पडला होता, मी बाथरूममध्ये साबणाची वडी घासली आणि डाग लालभडक झाला, आणि ती दारात उभी, एकदम घाबरून, "आई, रक्त आलं?" मी म्हटलं, नाही गं, हळद आहे. "पण हळद तर पिवळी असते." इतक्या वर्षांत मी हे शंभरदा बघितलंय आणि एकदाही थांबून विचार केला नाही. बाबांनी बाहेरून ऐकलं आणि म्हणाले, "झाला तुझा प्रयोग."

हळदीत जे पिवळं द्रव्य आहे, करक्यूमिन, ते आंबट किंवा साध्या पाण्यात पिवळंच राहतं, पण साबण, धुण्याचा सोडा, चुना अशा गोष्टी लागल्या की लाल होतं, आणि वरून लिंबू पिळलं की परत पिवळं. आपलं कुंकू पारंपरिक पद्धतीनं करतात ते याच गुणावर, हळदीला चुना लागला की लाल. म्हणजे देवघरात रोज जी कुयरी असते, हळद एका वाटीत आणि कुंकू दुसऱ्या, ती खरं म्हणजे एकच गोष्ट दोन रूपांत. हे मुलीला सांगितलं तेव्हा ती जाऊन कुयरी घेऊनच आली आणि दोन्ही वाट्या शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसली. मी तिला हेही सांगितलं की बाजारातल्या कुंकवात बऱ्याचदा नुसता रंग असतो, तर लगेच, "कसं ओळखायचं?" बाबा म्हणाले लिंबू टाकून बघ. टाकलं, आमचं कुंकू लालच राहिलं. आता ती आजीला नवीन कुंकू आणायला सांगून राहिली आहे.

सामानाचा खर्च सांगते. खजुरी बाजारात आमच्या ओळखीचं एक जुनं स्टेशनरीचं दुकान आहे, तिथून टीपकागदाचे चार ताव घेतले, भैयानं विचारलं कशाला पाहिजे, सांगितलं तर त्यानं एक जाड ड्रॉइंग पेपर पण दिला की यावर रंग जास्त चांगला दिसेल, आणि खरंच तोच चांगला निघाला. पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास दहा, धुण्याचा सोडा पाव किलो, लिंबं, हळद घरची. सगळं मिळून दीडशेच्या आत. किटमधून ड्रॉपर आणि टेस्ट ट्यूब वापरल्या. हळद पाण्यात कालवून दाट पेस्ट, ब्रशनं कागदाला दोन्ही बाजूंनी लावायची, सावलीत वाळवायची, वर पावडर उरली तर झटकून टाकायची, आणि पट्ट्या कापायच्या. पट्ट्या मोठ्या कापा, आम्ही आधी बोटाएवढ्या कापल्या होत्या तर लांबून काहीच दिसेना, मग पोस्टकार्डाएवढे तुकडे केले. जुने कपडे घाला आणि टेबलावर पेपर अंथरा, नाहीतर टेबल पण पिवळं. धुण्याच्या सोड्याचं पाणी मी स्वतः करून दिलं, पातळ, आणि तिला सांगितलं की हाताला लागलं तर धुवायचं, डोळ्याला हात नाही. पानवाल्याकडचा चुना पण मस्त चालतो, पण चुना डोळ्यात गेला तर फार वाईट, म्हणून मुलांच्या हातात मी दिला नाही आणि तुम्हीही देऊ नका.

मग तीन दिवस घरात जे दिसेल ते हळदीच्या कागदावर. वहीत तिनं दोन खाने केले, लाल आणि पिवळा, आणि प्रत्येक वेळी आधी अंदाज लिहायचा, मग करायचं, ही बाबांची अट. अंघोळीचा साबण लाल, भांड्याची वडी लाल, कपड्यांची पावडर लाल. दही, चिंच, ताक, पाणी पिवळं. खायचा सोडा घातला तर धड लाल नाही आणि पिवळा पण नाही, तपकिरीकडे झुकलेला नारिंगी, त्यासाठी तिनं तिसरा खाना केला, त्याला नाव दिलं 'थोडासा'. त्या तीन दिवसांत मला कळलं की ११४९ रुपयांच्या डब्यात काय नव्हतं. त्यातल्या प्रत्येक प्रयोगाचं उत्तर आधीच छापलेलं होतं, शेवटच्या ओळीत, आणि मूल ते उत्तर येतंय की नाही एवढंच बघत बसतं, आलं तर टाळ्या आणि नाही आलं तर किट खराब. अंदाज करायला जागाच नाही.

प्रेझेंटेशनच्या दिवशी शेवटच्या दोन तासांना पालकांना बोलावलं होतं, मी ऑफिसमधून हाफ डे घेतला. आमच्या आधी बारा-पंधरा मुलं झाली. ज्यांचे प्रयोग घरातल्या वस्तूंचे होते ती मुलं बोलत होती, हे मला स्पष्ट दिसलं. एका मुलानं संत्रं सालासकट पाण्यात सोडलं, तरंगलं, मग तिथल्या तिथे सोललं आणि सोडलं तर बुडालं, आणि म्हणाला की सालात हवा असते, लाइफ जॅकेटसारखी. अख्ख्या वर्गाला समजलं. एकीनं सोडा वॉटरच्या ग्लासात मनुका टाकल्या, त्या वर-खाली नाचायला लागल्या, पुढची तीन मुलं उठून टेबलाशीच आली. एका मुलाचा बाटलीवरचा फुगा फुगलाच नाही, बाटलीचं तोंड आणि फुगा बसत नव्हते, त्याच्या डोळ्यात पाणी आलं, "घरी झालं होतं" म्हणाला. टीचरनी त्याला जवळ घेतलं आणि वर्गालाच विचारलं की सांगा बरं, गॅस कुठून पळाला असेल? सहा हात वर. एकीनं सांगितलं तोंडाशी, त्याला रबर बँड दिला, परत केला आणि फुगला. अशी टीचर मिळणं भाग्य आहे, मी त्यांना नंतर जाऊन सांगितलं. तयार किटं तीन-चार जणांनी आणली होती. त्या मुलांची काही चूक नाही, पण एका मुलीचं सगळं तिची आईच बाजूला उभी राहून हळूच सांगत होती आणि मुलगी तिच्याकडे बघून एकेक शब्द म्हणत होती, आणि मला भरून आलं कारण दहा दिवसांपूर्वी मी पण तेच करणार होते.

आमची उभी राहिली. पिवळा कागद दाखवला, तिनं आदल्या रात्री एका कागदावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बोट बुडवून फूल काढायचा सराव केला होता, तेच वर्गासमोर काढलं, पिवळ्यावर लाल फूल उमटलं, मग अर्ध्या फुलावर लिंबू, अर्धं फूल गायब. मुलांनी ओरडायला सुरुवात केली. तिनं कुंकवाची गोष्ट सांगितली, मग म्हणाली साबणानं पण लाल होतं. एका मुलानं हात वर केला, "आपल्या वॉशरूममधल्या साबणानं होईल?" तिनं लगेच सांगितलं, हो, लाल होईल. टीचरनी एकाला पाठवून ग्लासात थोडा हँडवॉश आणवला, पंपातला लिक्विडवाला. तिनं ड्रॉपरनं टाकला. पिवळंच. परत टाकला. पिवळंच. मी मागे उभी, माझं काळीज धडधडतंय, आता रडते की काय. ती दोन सेकंद गप्प राहिली, मग वर्गाकडे बघून म्हणाली, "माझा अंदाज चुकला. पण साबण वेगळा आहे. वडीवाला आणा." टीचरच्या पर्समध्ये कागदी साबणाची छोटी डबी होती, त्यातला एक कागद पाण्यात विरघळवून टाकला, आणि तो लाल झाला, आणि मग जो गोंधळ झाला वर्गात, प्रत्येकाला आपल्या घरचा साबण आणायचा होता.

घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते इतके खूश झाले की मुलगी जिंकून आल्यावर पण झाले नसते. त्यांनीच सांगितलं की वडीचा साबण तेल आणि कॉस्टिक सोड्याचा असतो, त्याचं पाणी अल्कलाइन, म्हणजे आंबटाच्या उलट असतं, पण बरेचसे हँडवॉश आणि शाम्पू वेगळ्या द्रव्यांचे असतात आणि मुद्दाम त्वचेला चालेल असे जवळजवळ न्यूट्रल नाहीतर किंचित आंबट ठेवतात, म्हणून हळद हलत नाही. आम्ही तीन दिवस घरात सगळं तपासलं होतं आणि आमच्या बेसिनवरचा हँडवॉशच राहिला होता. तो पण पिवळाच निघाला.

किटला पाचपैकी अडीच देईन. अर्धा स्टार फक्त भिंगाचा आहे. घेऊ नका असं नाही म्हणत, आजी-आजोबांना भेट द्यायला डबा लागतो हे मला समजतं, पण दिलंत तर आधी उघडून मोरचूद आणि छोटी मॅग्नेटं काढा, पुस्तकातली कारणं स्वतः एकदा पडताळा, मेणबत्तीचं तर खोडूनच टाका. आणि शाळेत दाखवायचं असेल तर हे पैसे वाचवा, दोन ड्रॉपर मेडिकलमधून, एक भिंग, एक लांब पट्टी मॅग्नेट, पारदर्शक ग्लास, फुगे, सोडा, लिंबू, हळद, एवढ्यात तीनशेच्या आत पूर्ण वर्षाचं काम होतं. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात ठेवून केलेलं पाणी पण घ्या, ते आंबटात गडद गुलाबी आणि साबणाच्या पाण्यात हिरवं होतं, आम्ही पुढच्या वर्षी ते करणार आहोत. गोकर्णाची निळी फुलं मिळाली तर लिंबानं जांभळी-गुलाबी होतात.

पट्ट्यांचा एक गठ्ठा अजून फ्रिजवर क्लिपला लावलेला आहे, उन्हात ठेवू नका नाहीतर रंग उडतो, आमच्या खिडकीतल्या दोन फिक्या पडल्या. काल सकाळी बाबा दाढी करत होते तर ही ड्रॉपर घेऊन तिथे हजर, "आजोबा, जरा फेस द्या." आधी वहीत अंदाज लिहिला, मग टाकला. लाल, आतापर्यंतचा सगळ्यात गडद.